दर्जा आधी की पाहणी आधी?

पायी चालण्याच्या एखाद्या वाटेला राष्ट्रीय दर्जा द्यावा की नाही हे ठरविण्यापूर्वी त्या वाटेची रीतसर पाहणी व्हावी, आणि ही पाहणी करण्याचा आदेश देण्यासाठीदेखील कायदेमंडळाने स्वतंत्र विधेयक संमत करावे, ही कल्पना आपल्याकडील वाचकास काहीशी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. पायवाट ती काय आणि तिच्यासाठी विधेयक ते कशाला, असा प्रश्न त्याच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. तथापि अमेरिकेत गेली पन्नासाहून अधिक वर्षे हीच पद्धत चालू आहे. जॉर्जिया, टेनेसी व उत्तर कॅरोलिना या तीन राज्यांतून जाणाऱ्या सुमारे ४६० किलोमीटर लांबीच्या बेंटन मकाय पायवाटेस 'राष्ट्रीय निसर्गरम्य पायवाट' हा दर्जा देणे शक्य आहे काय, एवढ्याच प्रश्नाची पाहणी व्हावी म्हणून तेथील काँग्रेसपुढे अलीकडच्या वर्षांत विधेयक मांडले गेले. दर्जा द्या असे ते विधेयक म्हणत नाही. आधी पाहा, इतकेच म्हणते.

आपल्याकडे नेमका उलटा क्रम रूढ झाला आहे. येथे दर्जा प्रथम जाहीर होतो, कोनशिला बसते, आणि जमीन कोणाची, खर्च कोणाचा, देखभाल कोणाची, या प्रश्नांची उत्तरे त्यानंतर शोधली जातात. पुष्कळदा ती न्यायालयात शोधावी लागतात. हा केवळ कार्यपद्धतीतील भेद नव्हे. ज्या पट्ट्यातून वाट जाते तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने, आणि त्या वाटेने पायी जाणाऱ्याच्याही दृष्टीने, या क्रमावर फार मोठी गोष्ट अवलंबून असते.

अमेरिकेचा हा कायदा २ ऑक्टोबर १९६८ रोजी अमलात आला. त्याने दोनच वाटांना तत्काळ राष्ट्रीय दर्जा दिला: पूर्वेकडील ॲपलाचियन पायवाट आणि पश्चिमेकडील पॅसिफिक क्रेस्ट पायवाट. यांपैकी पहिलीची कल्पना बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडली होती, आणि चौदा राज्यांतून जाणारी ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट स्वयंसेवकांनी १९३७ पर्यंत अखंड जोडून दाखविली होती. म्हणजे दर्जा मिळाला तो तीस वर्षे प्रत्यक्ष वापरात असलेल्या वाटेला. उरलेल्या चौदा वाटांची नावे कायद्याने केवळ 'पाहणीसाठी' म्हणून नोंदविली. त्यांपैकी काँटिनेंटल डिव्हाइड या वाटेस १९७८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी दर्जा मिळाला. नॉर्थ कंट्री या वाटेस १९८० उजाडले. व्हरमाँट राज्यातील 'लाँग ट्रेल' ही त्यांच्याहून जुनी वाट त्या यादीत होती, ती आजही राष्ट्रीय दर्जाविना आहे आणि तरीही लोक तिच्यावरून चालतातच.

या पाहणीत काय पाहावयाचे हे त्या कायद्यातच लिहिलेले आहे, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकास त्याचे विशेष अप्रूप वाटते. वाटेलगतच्या जमिनीची सध्याची मालकी कोणाची आहे. ती घ्यावयाची तर किती खर्च येईल. वाट तयार करण्यास व पुढे राखण्यास काय लागेल. राज्य सरकारे, स्थानिक संस्था व खासगी संघटना त्यात कितपत वाटा उचलतील. वर्षातून किती महिने ती चालण्याजोगी राहील. किती माणसे येतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तीच जमीन अन्य कामी लावली असता समाजाला कोणता लाभ झाला असता. आम्ही वर्गात ज्याला 'संधित्यागाचा परिव्यय' म्हणतो आणि विद्यार्थी ज्याची व्याख्या पाठ करून परीक्षेनंतर विसरतात, ती संकल्पना येथे एका पायवाटेच्या कायद्यात प्रत्यक्ष वापरलेली आढळते. शिवाय त्या कायद्याप्रमाणे निसर्गरम्य पायवाटेवरून सर्वसामान्यांना मोटारगाड्या नेण्यास मनाई आहे. म्हणजे वाटेला दर्जा मिळाला म्हणून तिची सडक होत नाही.

आता आपल्याकडे पाहू. भारतात पायवाटेस राष्ट्रीय दर्जा देणारा कायदाच नाही. जो आहे तो १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. त्यामुळे एखाद्या चालण्याच्या वाटेचा गौरव करावयाचा असे केंद्र सरकारच्या मनात आले, तर तिला महामार्ग म्हणून घोषित करणे हाच सरळ उपाय त्याच्या हाती उरतो. पंढरीच्या वाटेचे असेच झाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते संत ज्ञानेश्वर महाराज व संत तुकाराम महाराज या दोन पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास झाला. दिवे घाटापासून मोहोळपर्यंतचा पहिला मार्ग सुमारे २२१ किलोमीटरचा, खर्च ६,६९० कोटी रुपयांहून अधिक. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंतचा दुसरा सुमारे १३० किलोमीटरचा, खर्च सुमारे ४,४०० कोटी. दर किलोमीटरला तीस कोटींहून अधिक रुपये पडतात. दोन्ही बाजूंस वारकऱ्यांसाठी स्वतंत्र चालण्याचा पट्टा ठेवण्याची योजना त्यात आहे, ही गोष्ट स्वागतार्ह आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच समारंभात पंतप्रधानांनी उपस्थितांकडे ज्या गोष्टी मागितल्या, त्यांत पायी मार्गालगत सावलीची झाडे लावावीत आणि ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय करावी, या दोन होत्या. पायी चालणाऱ्याला ज्या दोन गोष्टी सर्वांआधी लागतात त्या लोकांच्या सद्भावनेवर सोपविल्या गेल्या आणि मोटारीस जे लागते त्याची तरतूद कोटींच्या आकड्यांत झाली. हा कोणा एका व्यक्तीचा वा पक्षाचा दोष नव्हे. महामार्गाच्या कायद्याला चालणारा माणूस मुळात दिसतच नाही. त्याच्यासाठी जे काही होते ते रस्त्याच्या कडेला होते.

यापेक्षा गंभीर बाब पाहणीसंबंधीची आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, संपादनापूर्वी प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचे मूल्यमापन व्हावे, असा एक चांगला दंडक घातला. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा जुने कायदे वगळून ठेवले आहेत आणि राष्ट्रीय महामार्ग कायदा हा त्यांतील एक आहे. मोबदल्याच्या तरतुदी पुढे त्यालाही लागू झाल्या. मूल्यमापनाची मात्र झाली नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्यालाही तशीच सूट दिली. परिणाम असा की, आज एखाद्या वाटेला महामार्गाचा दर्जा मिळाला की, तिच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याचे कायदेशीर बंधनच नाहीसे होते. अमेरिकेत दर्जाच्या मागणीतून पाहणी जन्माला येते. आपल्याकडे दर्जा मिळताच पाहणीतून सुटका होते.

मराठवाड्यातील वाचकांना हे सांगण्याची आज विशेष गरज आहे. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतच्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा आरंभीचा आराखडा ८०२ किलोमीटरचा होता, आणि तो नांदेड व लातूर जिल्ह्यांतूनही आखलेला होता. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या आखणीसाठी व भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांनी मोजणीस विरोध केला हे सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखात त्या महामार्गाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करण्याचा हेतू नाही. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. त्याचे समर्थन तीर्थक्षेत्रे जोडण्याच्या भाषेत केले जाते. पालखी, यात्रा, शक्तिपीठ हे सारे शब्द चालणाऱ्यांच्या परंपरेतून आलेले आहेत. नाव वारीचे आणि रस्ता मोटारींचा, असा हा व्यवहार आहे. भाविकाला खरोखर पायी जावयाचे असेल, तर त्याला किती जमीन लागते? साधा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. तीन मीटर रुंदीची वाट शंभर किलोमीटर नेली, तर तीस हेक्टर, म्हणजे सुमारे पंचाहत्तर एकर जमीन लागते. साठ मीटर रुंदीचा महामार्ग तेवढाच नेला, तर सहाशे हेक्टर, म्हणजे जवळजवळ पंधराशे एकर. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. सहाशे हेक्टर म्हणजे अशा साडेचारशे खातेदारांची संपूर्ण शेती होय. तीस हेक्टर म्हणजे बावीस-तेवीस खातेदारांची, आणि तीही कोणा एकाच्या शेतातून नव्हे, तर शेकडो बांधांच्या कडेकडेने.

यावर कोणी म्हणेल की, पायवाटांचे काय, त्या तर आहेतच. आहेत, परंतु कशा आहेत? गावनकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. नकाशा सोडून प्रत्यक्ष शिवारात गेल्यास यांतील किती रेषा शिल्लक आहेत, हे कोणत्याही तलाठ्यास ठाऊक आहे. बांध कोरत कोरत वाट नांगरली गेली, भावकीत वाटण्या झाल्या, आणि कागदावरची वाट सोयाबीनच्या पिकाखाली गेली. तहसील कचेरीतील वादांत शेतरस्त्याचे वाद किती, हे तेथे काम करणाऱ्या आमच्या कारकून वाचकांस सांगावयास नको. या वादांसाठी दोन कायदे हाताशी आहेत: १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. पहिल्याने तहसीलदार बांधावरून जाण्याचा हक्क ठरवून देतो, दुसऱ्याने अडविलेली वाट मोकळी करून देतो. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' या सदरी व्हावी, असाही निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. परंतु हा हक्क शेतकऱ्याचा आपल्या शेतात जाण्याचा आहे. वाटसरूचा वाटेने जाण्याचा नाही. ट्रॅक्टर नेणाऱ्यास कायदा ओळखतो, दिंडीस ओळखत नाही.

इंग्लंडने हा प्रश्न १९४९ सालीच हाताळला. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करावेत असे ठरविले, आणि लांब पल्ल्याच्या वाटांची तरतूद केली. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये सुचविलेली 'पेनाइन वे' ही सुमारे ४३० किलोमीटरची वाट त्यातून १९६५ मध्ये खुली झाली. युद्धाने कंगाल झालेल्या, अन्नधान्याचे शिधावाटप चालू असलेल्या देशाने हा कायदा केला, हे ध्यानात घेतले म्हणजे 'आधी पोटापाण्याचे पाहा' हा आक्षेप तितकासा टिकत नाही.

उलट बाजूचीही दखल घेणे भाग आहे, कारण पाहणी हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा टाळाटाळीचा पर्याय म्हणून वापरला जातो. पश्चिम घाटाचे उदाहरण ताजे आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यावर कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला गेला व त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. मार्च २०१४ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, आणि जुलै २०२४ मध्ये त्याच विषयाचा सहावा मसुदा निघाला. दहा वर्षांत सहा मसुदे! याला अभ्यास म्हणणे कठीण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची बारा ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत घातली. त्यांतील अकरा महाराष्ट्रातील आहेत. पन्हाळ्याला तो मान मिळाला. परंतु १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज ज्या वाटेने पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले आणि जी वाट आजही दरवर्षी पावसाळ्यात शेकडो तरुण चालून जातात, तिला या यादीत वा अन्य कोठे स्थान नाही. किल्ला ही वास्तू आहे, तिला दर्जा देता येतो. वाट ही वास्तू नव्हे, केवळ वहिवाट आहे, आणि वहिवाटीस आपल्या दफ्तरात खाते नाही.

म्हणून पाहणीच्या कायद्यास दोन गोष्टींची जोड हवी: एक मुदत, आणि दुसरी म्हणजे 'नको' असे उत्तर देण्याची मोकळीक. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. ज्या पाहणीचा निष्कर्ष ती सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असतो, तिच्यावर खर्च होणारा पैसा वाया गेलेला असतो. आपल्याकडील बहुतेक प्रकल्प-अहवाल या जातीचे असतात, हे सांगण्यास फार मोठ्या संशोधनाची आवश्यकता नाही.

असा कायदा करण्याचा अधिकार कोणाचा? राष्ट्रीय महामार्ग हा विषय संघसूचीत आहे; त्याखेरीजचे रस्ते राज्यसूचीत आहेत. तेव्हा महाराष्ट्र विधिमंडळ हा कायदा स्वतःच्या अधिकारात करू शकते. दिल्लीकडे पाहण्याची आवश्यकता नाही. वाट राज्याची सीमा ओलांडत असेल, तर मात्र प्रश्न वेगळा होतो. संविधानाच्या अनुच्छेद २५२ प्रमाणे दोन वा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यास त्यांच्यापुरता कायदा संसद करू शकते. हे कलम आमच्या भागाच्या दृष्टीने नुसते पुस्तकी नाही.

निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेने तो इकडे आला, आणि बसवकल्याण, भालकी हे शेजारचे तालुके कर्नाटकात गेले. परंतु येथील वाटा त्याहून कितीतरी जुन्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठण हे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या आणि तगर हे पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे सांगितले आहे, आणि तेथील माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांनी भडोचला जाई असेही त्यात नमूद आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. ते तेरणा नदीच्या काठी आहे. आणि हीच तेरणा पुढे आमच्या तालुक्यात औराद शहाजानीच्या परिसरात मांजरेस मिळते. या नदीच्या आसपास औशाचा किल्ला आहे, खरोशाची जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत, निलंग्याचे नीळकंठेश्वराचे शिल्पसमृद्ध मंदिर आहे, आणि सीमेपलीकडे चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे बसवकल्याण, आहे. तेरपासून बसवकल्याणपर्यंत अशी एक पायी वाट पाहणीसाठी नोंदवावी, असे सुचविले तर ते वावगे ठरू नये.

परंतु येथे आपणच आपल्या सूचनेची फसवणूक करता कामा नये. ही वाट निसर्गरम्य आहे काय? सह्याद्रीच्या अर्थाने नाही. येथे कडे नाहीत, धबधबे नाहीत; मैलोगणती काळे रान, तुरी-सोयाबीनचे पट्टे आणि अधूनमधून एखादे चिंचेचे झाड. अमेरिकेने १९७८ मध्ये आपल्या कायद्यात 'ऐतिहासिक पायवाट' हा निराळा वर्ग घातला तो अशाच वाटांसाठी. आमच्या वाटेची पाहणी व्हावयाची तर त्या वर्गात व्हावी. वापर पुरेसा नाही, किंवा जमिनीचा त्रास लाभाहून अधिक आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला, तर तोही आपण मान्य केला पाहिजे. मराठवाड्याची तक्रार नेहमी अशी राहिली आहे की, आपल्याला काही मिळत नाही. त्या आधीची तक्रार अशी असावयास हवी की, आपल्याकडे कोणी पाहतच नाही. 'रम्य' म्हणून ज्या प्रदेशाची आधीच ख्याती आहे तेथे आराखडे होतात. उरलेल्या प्रदेशाचा विचार दुष्काळात किंवा भूकंपात होतो.

देखभालीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. १९७२ च्या दुष्काळात या मुलखातील माणसांनी खडी फोडून कित्येक गावांचे रस्ते तयार केले; रोजगार हमीचा १९७७ चा कायदा त्या अनुभवातून आला. रस्ता करण्यासाठी मजुरी मिळाली. केलेला रस्ता राखण्यासाठी मात्र पुष्कळ ठिकाणी कोणीच उरले नाही. ॲपलाचियन वाटेची नित्याची निगा तिच्या लगतची तीसएक मंडळे स्वयंसेवेने राखतात, प्रत्येकाकडे ठरावीक अंतर सोपविलेले असते. आपल्याकडे अशी मंडळे नाहीत असे नव्हे. दिंडी ही संस्था दुसरे काय आहे? तिला मुक्कामाची गावे ठरलेली असतात, कोणत्या गावी कोणाच्या घरची पंगत हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि हा सारा व्यवहार कोणत्याही अंदाजपत्रकाविना पार पडतो. पाहणी करणाऱ्याने या संस्थेचा हिशोब मांडला, तर देखभालीच्या खर्चाचे उत्तर त्याला शासकीय दफ्तराबाहेर सापडण्याचा संभव आहे.

वर्षातून किती महिने वाट चालण्याजोगी राहील, हा अमेरिकी कायद्यातील प्रश्न आमच्याकडे तर पहिलाच विचारावा लागेल. काळ्या मातीच्या रानात दोन पाऊस पडले की पायाला शेर-शेर चिखल चिकटतो आणि गाडीवाट आठ-आठ दिवस बंद पडते. मे महिन्यात उन्हामुळे दुपारी चालणे अशक्य होते. सुखाने चालावे असे दिवस कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे. दिंड्या निघतात त्या मात्र ज्येष्ठ-आषाढात, ऐन चिखलाच्या तोंडावर; म्हणूनच जुन्या गाडीवाटा सोडून त्या डांबरी सडकेवर आल्या आणि मालमोटारींच्या शेजारून चालू लागल्या. पाहणी करणारे पथक नेमले गेलेच, तर त्याने निलंग्याहून आषाढातच निघावे, आणि तेही जीप न घेता.